हिमकासवाचे दोन जादा प्राण

१

कासव मेलं नाही, तिथून हे सगळं सुरू झालं.

रविवारी सकाळी अंतिम सामना होता. लॉन्ड्रीच्या वरच्या दोन खोल्यांत आमचा क्लब. त्या दिवशी तिथे चाळीस माणसं कोंबलेली, खालून इस्त्रीची वाफ आणि वर सगळ्यांचे श्वास रोखलेले. भिंतीवरच्या पडद्यावर घारीच्या ‘ठिणगी’ नावाच्या आगमुंगसाने लांब्याच्या हिमकासवावर झेप घेतली. घाव पडला एकशे सहासष्टचा. त्या मुंगसाला याहून मोठा घाव देताच येत नव्हता. कासवाचे प्राण उरले तीन. पुढच्या चालीला कासवाने मुंगसाला गारठवून टाकलं, आणि घारी हरली.

मी इथला पंच. माझी सगळी नोकरी वजनमाप खात्यात गेली, दुकानदारांचे काटे तपासण्यात, म्हणून पोरंपोरी मला काटेकाका म्हणतात. इथे प्रत्येकाला टोपणनावच आहे. निवृत्त झाल्यावर एकदा लॉन्ड्रीत शर्ट टाकायला आलो, वर एवढा आरडाओरडा कसला म्हणून जिना चढलो, तो आजतागायत मनाने उतरलेलो नाही. या खेळाला पोरखेळ म्हणणाऱ्यांनी एकदा इथे येऊन गणित करून दाखवावं.

खेळ थोडक्यात असा. प्रत्येकाने आगमुंगूस, हिमकासव असे सहा राक्षस आणायचे. प्रत्येक राक्षसाला ठराविक गुण मिळतात, ते प्राण, बळ आणि वेग यांत कसे वाटायचे हे खेळाडूचं गुपित. यादी उपांत्य सामन्याच्या आदल्या संध्याकाळी बंद पाकिटात माझ्याकडे द्यायची, मग ती अंतिम सामन्यापर्यंत बदलता येत नाही. समोरच्याचं कोणतं जनावर आपल्या कोणत्या घावात मरेल, कोणतं तगेल, याचा हिशोब घरी बसून करायचा. त्याला आमच्यात ‘घाव काढणे’ म्हणतात. घावातही नशिबाच्या सोळा पायऱ्या असतात. त्यामुळे कुणी ‘मारीन’ म्हणत नाही, ‘सोळात तेरा वेळा मारीन’ म्हणतो.

हिमकासवाला सगळे जण एकशे अठ्ठेचाळीस प्राण देतात आणि उरलेलं वेगात घालतात. सामना संपल्यावर मी लांब्याचं पाकीट फोडलं. कासवापुढे लिहिलं होतं, एकशे एकोणसत्तर. शहाणा माणूस असं करत नाही. केलंच, तर ठिणगीचं बळ किती वाढवलंय हे आधी कळल्यावरच करेल.

घारीने माझ्या खांद्यावरून ते वाचलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला. “एकशे अडुसष्ट,” ती पुटपुटली. मग एकदम वळली आणि खोलीभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “माझा आकडा फुटलाय. ढापणीने फोडला.”

ढापणी तिथेच, खिडकीपाशी उभी होती. घारीची सहा वर्षांची सरावाची जोडीदारीण.

२

जिंकणाऱ्याला राष्ट्रीय संघाच्या शिबिरात दोन वर्षं राहायला मिळणार होतं. ते घारीचं गेलं. पण ढापणीचं त्याहून जास्त जायची वेळ आली होती. आमच्याकडे फितुरीला माफी नाही. नाव कायमचं कापतात आणि ते देशातल्या प्रत्येक क्लबाच्या फळ्यावर लागतं. लांब्यावर कारवाई करायची तर आधी फितूर कोण हे ठरायला हवं होतं, आणि ते सगळ्यांनी मनाशी ठरवूनच टाकलं होतं. अध्यक्षबाई शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी मंगळवारी पाचला सभा लावली.

“तोवर काय शोधायचं ते शोधा,” त्या मला म्हणाल्या. “पण मुलगी जिन्यात लांब्याशी बोलताना दिसली आहे. उगाच वेळ काढू नका.”

ढापणी झेरॉक्सच्या दुकानात काम करते. सोमवारी गेलो तेव्हा यंत्राच्या झाकणाखालचा उजेड तिच्या चष्म्यावरून सरकत होता.

“पाठपोट काढू की एकच बाजू?” तिने वर न बघता विचारलं. मग मला पाहिलं. “अच्छा. चौकशी.”

“लांब्याशी काय बोलत होतीस?”

“त्याचा चार्जर माझ्याकडे राहिला होता, तो दिला. त्याने थँक्यूसुद्धा म्हटलं नाही. झालं आमचं संभाषण.”

“ठिणगीचं बळ तुला ठाऊक होतं?”

“मला नाही तर कुणाला असणार? दीडशे वेळा तरी कासव घेऊन तिच्यासमोर मीच मरून दाखवलंय.” तिने फोन काढला, त्यातल्या हिशोबाच्या प्रोग्राममध्ये आकडे भरले आणि माझ्यापुढे धरला. मोठ्यात मोठा घाव, एकशे सहासष्ट. “काका, मी फितुरी केली असती ना, तर नीट केली असती. त्या येड्याने एकशे एकोणसत्तर कशाला ठेवले? सदुसष्टवर कासव जगत होतं.”

“असू दे म्हणून ठेवले असतील. दोन वरचे.”

ती हसली, पण त्यात मजा नव्हती. “असू दे म्हणून? इथे एक गुण इकडचा तिकडे केला तर आम्हाला झोप लागत नाही. ते दोन त्याने वेगातून काढलेत. उपांत्य सामन्यात त्याचं कासव एका गुणाने मागे पडलं आणि मरता मरता वाचलं, आठवतंय ना? लांब्या माणूस म्हणून कसाही असो, हिशोबात कच्चा नाही.”

गिऱ्हाईक आलं. तिने त्याचे कागद नीट ठोकून एकसारखे केले, पिन मारली. तो गेल्यावर हळूच म्हणाली, “घारीने मला एक फोनही केला नाही हो. आम्ही एका डब्यात जेवतो. निदान विचारायचं तरी.”

दुकानातून बाहेर पडलो तेव्हा डोक्यात एकच किडा वळवळत होता. एकशे एकोणसत्तर प्राण कोण ठेवेल? घाव एकशे अडुसष्टचा आहे असं ज्याला वाटतं, तो.

आणि असा घाव अस्तित्वातच नव्हता.

३

आमचे प्रशिक्षक, ज्यांना सगळे मास्तर म्हणतात, ते फोनवरच्या प्रोग्रामला हात लावत नाहीत. सगळा हिशोब खडूने. शिवाय लांब्या गेल्या वर्षापर्यंत त्यांचाच पट्टशिष्य होता आणि घारीने त्यांचं ऐकणं कधीच सोडलं होतं. माझ्या संशयितांच्या यादीत त्यांचं नाव आपोआप वर चढलं.

“म्हणजे आता माझी पाळी,” मास्तर म्हणाले. त्यांच्या खोलीत एक खाट, एक फळा आणि खडूची धूळ, बाकी शून्य.

“ठिणगीचा घाव काढून दाखवा.”

“परीक्षा घेताय?” ते चिडले, पण खडू उचललाच. “मूळ फटका पंचाहत्तर. कासवापुढे बर्फाची ढाल, म्हणून निम्मा. साडेसदतीस. अर्धा टाका, सदतीस. आग विरुद्ध बर्फ, दुप्पट. चौऱ्याहत्तर. आगमुंगसाने आगीचाच फटका मारला, दीडपट. एकशे अकरा. पंजाला पोलादी नख, पुन्हा दीडपट. एकशे साडेसहासष्ट. अर्धा टाका. एकशे सहासष्ट. झालं समाधान?”

“दर पायरीला अर्धा टाकायचा?”

“दर पायरीला! खेळ तसाच बनवलाय. मधला अपूर्णांक त्याला दिसतच नाही. हे मी पोरांच्या पहिल्या दिवशी घोकून घेतो. शेवटापर्यंत अपूर्णांक सांभाळत बसाल तर चुकाल, दोनाने चुकाल.” ते बोलता बोलता थांबले. माझ्याकडे बघितलं. मग फळ्यावर, पहिल्या ओळीशेजारी, त्यांनी सावकाश दुसरी ओळ लिहिली. साडेसदतीस. पंचाहत्तर. एकशे साडेबारा. शेवटी एकशे पावणेएकोणसत्तर. त्यातला पाऊण पुसला.

उरले एकशे अडुसष्ट.

“हे आमच्यापैकी कुणाचं नाही,” मास्तर म्हणाले. त्यांचा राग कुठल्या कुठे गेला होता. “हा कधीही न खेळलेला माणूस आहे.”

४

नोकरीत असताना मी शेकडो काटे पाहिले. खोटा काटा सगळीकडे सारखा खोटा नसतो. प्रत्येकाचं खोटं बोलणं वेगळं, आणि ते तो बदलू शकत नाही. कुठल्या काट्यावर तोललंय हे मालावरून ओळखता येतं. इथे माल माझ्या हातात होता, काटा शोधायचा होता.

लांब्याच्या घरी शिबिराची बॅग भरणं चाललं होतं. त्याची बहीण मोज्यांच्या गुंडाळ्या करत होती.

“मला कुणी काही सांगितलं नाही,” तो म्हणाला. “अंदाज होता. सिद्ध करा.”

“अंदाज होता तर सदुसष्टचा का नाही बांधला?”

“काय?”

“एकशे सहासष्टच्या वर ठिणगी जात नाही. दोन प्राण वाया घालवलेस. उपांत्य सामन्यात त्यापायी जवळजवळ गेलास. एवढा ढ कधीपासून झालास?”

फितूर म्हटलं तर त्याला चाललं असतं, ढ म्हटलेलं झोंबलं. त्याने फोन काढला, सामन्यानंतर उघड झालेले ठिणगीचे आकडे भरले, आणि मग बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला. “पण त्यात तर अडुसष्ट...” एवढं बोलून त्याने जीभ चावली.

बहिणीने मोजे खाली ठेवले. “कशात अडुसष्ट?” तिने विचारलं. तिच्या त्या विचारण्यापुढे माझी चौकशी फिकी होती.

गुरुवारी क्लबात खुंटीवरच्या जाकिटाच्या खिशात त्याला चिठ्ठी सापडली होती. सुट्या, मोठ्या अक्षरांत एकच ओळ. कासवावर ठिणगीचा घाव एकशे अडुसष्टपर्यंत जातो. त्याने ती फाडून टाकली होती.

“बळ किती, ते नव्हतं लिहिलं?”

“नाही. असतं तर मी स्वतः घाव काढला नसता का?”

बरोबर होतं. ढापणीने दिला असता तर आकडा फोनमधून आला असता आणि खरा असता. मास्तरांनी दिला असता तर फळ्यावरून आला असता आणि खरा असता. हा आकडा हाताने, जपून, एकही तुकडा वाया न घालवता काढलेला होता. घारीचं गुपित आणखी कुणाला ठाऊक आहे, हे तिलाच विचारायला हवं होतं.

५

घारी घरी नव्हती. पुढच्या खोलीत तिचे वडील मशीनवर बसले होते. ते शिंपी आहेत. बाही जोडत होते, माझ्याकडे बघून पाय थांबवला.

“या, काटेकाका. पोरीचं काही खरं नाही हो. दोन दिवस तोंडात घास नाही.”

टेबलावर कापड बेतायचा खाकी कागद पसरला होता. त्याच्या कडेला निळ्या खडूने आकडे. बाहीचे, छातीचे, कमरेचे. आणि त्यांच्यात मिसळून गेलेले दुसरेही आकडे, ते मापाचे नव्हते.

“तुम्हीही घाव काढता की काय, दादा?”

ते लाजले. “शिकलो थोडं. मोठा मुलगा नोकरीला बाहेर गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. ती दिवसभर त्याच गोष्टी बोलणार, मग आपल्याला त्यातलं काही कळायला नको? तिचे सगळे आकडे मी इथे मांडून देतो. ती बघते, ‘बरोबर आहे, बाबा’ म्हणते.”

तिथूनच परत फिरावं असं वाटलं, खरं सांगतो.

“मला एक काढून द्या,” मी म्हणालो. “मूळ फटका सत्तावन्न. बाकी सगळं कासवाचंच.”

त्यांनी खडू घेतला. हात सफाईचा. “सत्तावन्नचं निम्मं साडेअठ्ठावीस. दुप्पट, पुन्हा सत्तावन्न. दीडपट, साडेपंच्याऐंशी. आणखी दीडपट, एकशे सव्वाअठ्ठावीस. पाव सोडला. एकशे अठ्ठावीस.”

खेळात तो घाव एकशे सव्वीसचा बसतो.

“मधला अर्धा का नाही टाकलात?”

“आधीच टाकून कसं चालेल?” ते मला धंदा समजावून सांगू लागले. “कापड एकदा कापलं की परत येतं का? सगळं बेतून झाल्यावर शेवटी काय ते छाटायचं.”

मी कागदावरच्या त्या एकशे अठ्ठावीसवर बोट ठेवलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, आणि खडू टेबलावर ठेवला. तो घरंगळत खाली पडला.

“चुकलं का माझं?” त्यांनी विचारलं. आवाज इतका बारीक, की ते गणिताबद्दल विचारताहेत की कशाबद्दल, हे त्यांनाही माहीत नसावं.

“दोनाने चुकलं, दादा. का केलंत?”

“गुरुवारी तिचा डबा द्यायला वर आलो, तेव्हा खुंटीवर लांब्याचं जाकीट दिसलं. मोठा सहा महिन्यांसाठी म्हणून गेला. आठ वर्षं झाली. फोन येतो, पैसे पाठवतो, तो येत नाही.” ते बाहीवरचा दोरा उगाचच ओढत होते. “हिला ‘जाऊ नको’ म्हणालो असतो तर जन्मभर मला बोल लागला असता. हरली असती तर कुणालाच लागला नसता. हरलेलं माणूस घरी येतं, काका.”

“आणि ढापणी?”

“ती मध्ये येईल असं मला काय ठाऊक?”

“ठाऊक होऊन दोन दिवस झाले.”

आयुष्यभर खोटे काटे जप्त करताना मला कधी कुणाचा एवढा राग आला नव्हता, आणि कुणाची एवढी दयाही आली नव्हती. दोन्ही एकदम आलं की माणूस निरुपयोगी होतो. “उद्या पाचला सभा आहे,” एवढं म्हणून मी उठलो. “तुम्ही येऊन सांगा. नाहीतर मला सांगावं लागेल.”

६

पाच वाजले, सव्वापाच झाले. घारीचे वडील आले नाहीत. ढापणी पहिल्या रांगेत, हात मांडीवर, शाळेत शिक्षा झालेल्या मुलीसारखी बसली होती. घारी शेवटच्या रांगेत.

मी फळ्यावर दोन्ही ओळी लिहिल्या. डावीकडे सहासष्ट, उजवीकडे अडुसष्ट. लांब्याला चिठ्ठीतला आकडा सगळ्यांसमोर सांगायला लावला. मास्तरांनी आणि ढापणीने आपापली रीत करून दाखवली, दोघांचं उत्तर डावीकडचं. “चिठ्ठी लिहिणारा अपूर्णांक शेवटपर्यंत जपतो,” मी म्हणालो. “क्लबातलं कुणी तसं करत नाही. ढापणी फितूर नाही.”

“मग कोण?” अध्यक्षबाईंनी विचारलं.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मला लख्ख आठवलं. रविवारी माझ्या खांद्यामागे घारी काय पुटपुटली होती. कासवाचे प्राण एकशे एकोणसत्तर वाचून ती एकशे अडुसष्ट म्हणाली होती. स्वतःचा खरा घाव तिला झोपेतही पाठ होता, तो सहासष्टचा. अडुसष्ट तिने फक्त एकाच ठिकाणी वाचला होता. मी वळून तिच्याकडे पाहिलं आणि तिने ओळखलं की मला कळलंय.

“माझे बाबा,” घारी उभी राहून म्हणाली.

सगळ्यांच्या माना मागे वळल्या.

“त्यांची रीत चुकते, मला पहिल्यापासून ठाऊक आहे. मी कधी सांगितलं नाही. ते एवढ्या हौसेने काढायचे. मी ‘बरोबर आहे’ म्हणायचे आणि माझं मी फोनवर काढायचे.” तिने पुढच्या खुर्चीची पाठ धरली. “यादी बघितली त्याच क्षणी मला कळलं. सगळे माझ्याकडे बघत होते. कुणाचं तरी नाव घ्यायला हवं होतं.”

अध्यक्षबाईंनी चष्मा काढून डोळे दाबले. निकाल तिथल्या तिथे लागला. ढापणी निर्दोष. मिळालेलं गुपित वापरलं म्हणून लांब्याचा विजय रद्द. खोटा आळ घेतला म्हणून घारी दोन वर्षं बाहेर. शिबिराची जागा दुसऱ्या क्लबाकडे गेली. अध्यक्षबाई सगळ्यांच्या वतीने ढापणीची माफी मागत होत्या, पण ती ऐकत नव्हती. ती मागच्या रांगेकडे गेली आणि घारीसमोर उभी राहिली.

“तुला बाबांना वाचवायचं होतं, तर मला विचारायचंस,” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. “नुसतं विचारायचंस. मी होऊन माझं नाव सांगितलं असतं.”

घारीने तोंडावर हात धरला. ढापणीने थोडा वेळ वाट पाहिली, कशाची कोण जाणे. मग खांद्यावरची पिशवी सारखी केली आणि निघून गेली. तिने खेळणं सोडलं. मी दोनदा दुकानात जाऊन समजावलं, तिने दोन्ही वेळा मला हसून चहा पाजला आणि परत पाठवलं.

खोल्या बंद करून मी घारीला घेऊन खाली उतरलो. लॉन्ड्रीच्या दाराशी तिचे वडील उभे होते. गळ्यात टेप तशीच होती. अर्धा तास ते पहिल्या पायरीपाशी उभे होते, असं नंतर लॉन्ड्रीवाल्याने सांगितलं.

“मी सांगायला आलोय,” ते मला म्हणाले.

“सांगून झालं, दादा. तिने सांगितलं.”

त्यांनी मुलीकडे पाहिलं. ती त्यांच्याकडे न बघता बाजूने गेली आणि चालायला लागली. ते चार पावलं मागून निघाले. तिला हाक मारायची त्यांची हिंमत झाली नाही. कोपऱ्यावर रस्ता दोन्हीकडे जात होता. ती क्षणभर थांबली, दोन्हीकडे पाहिलं, आणि घराकडेच वळली. जायला तिला दुसरी जागा उरली नव्हती.